पत्र दिलं, फोटो काढला, पण दवाखान्यात फरक पडला का? आरोग्याच्या पाठपुराव्याचं मोजमाप कसं करायचं

पेढे आम्ही जरा लवकरच वाटले होते. ठाणे-बेलापूर रोडच्या कडेची एक वस्ती, बायका बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या नाहीतर एमआयडीसीत पॅकिंगला, सकाळी साडेसातला घराबाहेर आणि परत यायला सहा वाजतात, आणि दवाखान्याची ओपीडी दुपारीच आटपायची, म्हणजे ताप आला तर एकतर खाडा करा नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घ्या. दीड वर्षं पत्रं, सह्या, बैठका, पुन्हा पत्रं, आणि एकदाचा आदेश निघाला की संध्याकाळी ५ ते ८ ओपीडी चालवावी. आम्ही ऑफिसात पेढे आणले, आदेशाची झेरॉक्स हातात धरून फोटो काढला, वार्षिक अहवालात यशोगाथा म्हणून छापून पण टाकला. तीन महिन्यांनी वस्तीतल्या एका मावशींना सहज विचारलं, जाता का हो आता संध्याकाळी, तर म्हणाल्या, "गेलते की दोनदा. लाईट असते, सिस्टर असते. डॉक्टर म्हणे आत्ताच गेले. आणि गोळ्यांची खिडकी बंद."

कुठला दवाखाना, कुठली महापालिका ते लिहीत नाही. या रोडला कळवा-विटाव्यापर्यंत ठाणे लागतं आणि दिघ्यापासून पुढे नवी मुंबई, तेव्हा अंदाज बांधत बसू नका.

तर त्यानंतर आम्ही आमच्याच कामाचं मोजमाप करायला शिकलो, चुकत माकत. हे लिहितेय ते नवीन लोकांसाठी, म्हणजे फील्डवर्कला आलेली एमएसडब्ल्यूची मुलं, महिला मंडळं, सोसायटीतले रिटायर्ड काका जे कधीकधी आमच्यापेक्षा चिवट निघतात. संस्थावाले याला ॲडव्होकसी किंवा जनवकिली म्हणतात आणि मोजमापाला एम अँड ई, वस्तीत सरळ म्हणतात पाठपुरावा. मी पाठपुरावाच म्हणणार.

आधी मागणी एका वाक्यात लिहा

"आरोग्य सेवा सुधारा" ही मागणी मोजता येत नाही. सुधारली की नाही हे ठरवणार कोण? साहेब म्हणतील सुधारली, तुम्ही म्हणाल नाही, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर. मागणीत तीन गोष्टी पाहिजेत, कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत. आमचं वाक्य पुढे असं झालं: "अमुक केंद्रात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५ ते ८ डॉक्टर बसावेत आणि त्याच वेळात औषधांची खिडकी उघडी असावी, दिवाळीच्या आत." यातला खिडकीचा अर्धा भाग पहिल्या पत्रात नव्हता, आणि जे मागितलं नव्हतं ते मिळालं नाही, यात खरं तर आमचीच चूक.

"कोणी" हा भाग नवीन माणसं कायम चुकतात म्हणून जरा थांबते. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल ठाणे महापालिकेचं, वाशी नेरुळ ऐरोलीची महापालिका हॉस्पिटलं नवी मुंबईची, कामगार विम्याचं आणखी वेगळं खातं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत झाले, तेव्हा कितीतरी लोक तो पेपरचा कागद घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात भांडायला गेले, पण तो निर्णय महापालिकेला आपोआप लागू होत नाही. तसंच वेळ बदलणं महापालिकेच्या हातात असतं पण नवीन पदं भरायची तर आकृतिबंध, म्हणजे कुठली किती पदं याचा मंजूर तक्ता, लागतो आणि त्याची मंजुरी मंत्रालयातून येते. ज्याच्या हातात गोष्टच नाही त्याच्याकडे दोन वर्षं पाठपुरावा केला तर मोजायला शून्यच येणार, आणि तुम्हाला वाटेल आपल्यातच काही कमी आहे.

एक फायद्याची गोष्ट सांगते, राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ ला सुरू झालं तेव्हा त्याच्या आराखड्यातच साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याची वेळ दुपारी १२ ते रात्री ८ असावी असं सुचवलेलं आहे. म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नव्हतो. मागणी सरकारच्याच कागदात सापडली तर ती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, पुढे मोजायला तीच पट्टी.

पहिलं पत्र द्यायच्या आधी आजची स्थिती टिपून ठेवा

बेसलाइन म्हणतात ती हीच. सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त जण हेच टाळतात, आम्हीपण टाळलं होतं, आणि मग आदेशानंतर कोणी विचारलं "आधी किती बायका यायच्या?" तर आमच्याकडे उत्तर "कमी यायच्या". कमी म्हणजे किती, देव जाणे.

कसं करायचं ते सांगते. दोन आठवडे घ्या. दोन्ही आठवड्यांच्या वारांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका आणि सहा काढा, म्हणजे आपल्या सोयीच्याच दिवशी जाणं होणार नाही, आणि दवाखान्यालाही कळणार नाही की हे बुधवारीच येतात. (आमच्याकडे एका दवाखान्यात बुधवारी सगळं टापटीप असायचं, कारण आमची फेरी बुधवारी हे शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं. चार महिने आम्ही खूश होतो.) प्रत्येक फेरीला अर्धा तास बाकावर बसा. बोर्डावर काय वेळ लिहिलीय, खरंच डॉक्टर किती वाजता खुर्चीत आहेत, बाकावर किती माणसं, त्यात बायका किती, खिडकी उघडी की बंद, एवढंच. आत घुसून रजिस्टर मागायचं नाही, वाद घालायचा नाही, मोबाइल वर काढून शूटिंग तर अजिबात नाही.

मग बाहेर पडणाऱ्या बायकांना गेटच्या पलीकडे, चहाच्या टपरीशी वगैरे, तीनच प्रश्न: कशासाठी आलात हे विचारायचं नाही, ते त्यांचं खासगी आहे. विचारायचं की किती वेळ लागला, औषधं सगळी इथेच मिळाली का, आणि बाहेरून काही आणायला सांगितलं का. तिसरा प्रश्न फार कामाचा. बाहेरून आणायची चिठ्ठी केसपेपरवर लिहितच नाहीत कधीकधी, कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर लिहितात, त्यामुळे रेकॉर्डमध्ये सगळी औषधं उपलब्ध आणि बाईच्या मुठीत चुरगळलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी तुम्हाला कुठल्याही अहवालात दिसणार नाही, गेटवरच दिसेल. पंचवीस-तीस जणींशी बोललात तरी चित्र उभं राहतं, याला सर्वे म्हणून मिरवू नका, टक्केवारी काढू नका, "३० पैकी ११ जणींनी" असंच लिहा. तीस माणसांवरून टक्के काढले की वाचणाऱ्याला वाटतं मोठा अभ्यास केलाय.

पत्रापासून खिडकीपर्यंतची साखळी मांडा

एक मोठा कागद घ्या, आडवा. डाव्या टोकाला तुमचं पत्र, उजव्या टोकाला खिडकीतून गोळ्या घेणारी बाई. मध्ये काय काय घडावं लागतं ते लिहा. आमचं असं झालं: पत्राला आवक नंबर (म्हणजे पत्र पोचल्याची ऑफिसातली नोंद), मग आरोग्य अधिकाऱ्यांसोबत बैठक, मग खात्याची टिपणी, म्हणजे मंजुरीसाठी फाइलवर लिहिलेला प्रस्ताव, वर जाणं, मग आदेश, मग डॉक्टर-फार्मासिस्टची ड्युटी लागणं, त्यांच्या मानधनाला बजेट, मग खरंच बसणं, मग वस्तीत ही बातमी पोचणं, मग बायका जाणं, आणि शेवटी गोळ्या. आता बघा आदेश कुठे येतो ते. जेमतेम मध्यावर. आणि आम्ही तिथे पेढे वाटले.

प्रत्येक कडीखाली लिहा की हे झालं हे मला कशावरून कळेल. बैठक झाली याचा पुरावा फोटो नाही, इतिवृत्त, म्हणजे काय ठरलं त्याची लेखी नोंद. इतिवृत्त देत नाहीत बऱ्याचदा, मग दुसऱ्या दिवशी तुम्हीच पत्र लिहा, "कालच्या बैठकीत आपण अमुक मान्य केलंत त्याबद्दल आभार", आणि त्यावर आवक शिक्का घ्या, झालं तुमचं इतिवृत्त. ही युक्ती मला एका जुन्या युनियनवाल्या काकांनी शिकवली, त्यांचं म्हणणं आभाराच्या पत्राला कोणी नाही म्हणत नाही.

आणि प्रत्येक कडीचं यश एकाच मापाचं नसतं. कॅनडाच्या आयडीआरसी नावाच्या संस्थेने २००१ मध्ये आउटकम मॅपिंग म्हणून एक पद्धत पुस्तकरूपात आणली, त्यातलं बाकी सगळं किचकट आहे पण एक गोष्ट घेण्यासारखी, ती म्हणजे समोरच्या माणसाच्या वागण्यातले बदल तीन पातळ्यांवर लिहायचे. मी वस्तीत असं सांगते: एवढं तर व्हायलाच हवं, हे झालं तर बरं, आणि हे झालं तर सोन्याहून पिवळं. डॉक्टरांचंच घ्या. आपल्याला भेटायला वेळ देतात, हे व्हायलाच हवं. न बोलावता अडचण सांगतात की फार्मासिस्टच नाहीये मला, हे बरं. स्वतः वर लिहून फार्मासिस्ट मागतात, हे सोन्याहून पिवळं. असं आधी लिहून ठेवलं की सहा महिने काहीच झालं नाही असं वाटत असताना कळतं की अरे, सरकलंय की थोडं.

वही

ॲप नको, आधी वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, आणि ती ऑफिसातच राहील, कोणाच्या बॅगेत जाणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं आहे म्हणाल तर शुभ सकाळच्या गुलाबांमधून मागच्या जूनचा आवक नंबर शोधून दाखवा मला.

आमच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते, फक्त ओळख पटेल असं काढून:

"मंगळवार. संध्या. ६.१० ला पोचलो. बोर्ड ५ ते ८. सिस्टर १. डॉक्टर नाहीत, विचारलं तर 'मीटिंगला गेलेत'. बाकावर ७, पैकी बायका ५, एक लहान मूल तापलेलं. खिडकी बंद, कुलूप बाहेरून. एका बाईला सिस्टरने सांगितलं बीपीची गोळी संपलीये सोमवारी या. ६.४० ला निघालो, डॉक्टर आले नव्हते. दोन बायका आमच्यासमोर उठून गेल्या."

एवढंच. मत नाही, "अत्यंत दयनीय परिस्थिती" नाही. कुलूप बाहेरून होतं हे लिहिलं म्हणून पुढे बैठकीत "फार्मासिस्ट आतमध्ये स्टॉक लावत असतील" या उत्तराला जागा राहिली नाही.

वहीत दर आठवड्याला वीस मिनिटं: कोणाला भेटलो, काय ठरलं, आवक नंबर, पुढची तारीख. जे झालं नाही तेही. साहेब भेटले नाहीत, फोन उचलला नाही, लोक जमले नाहीत कारण त्या दिवशी पाण्याचा टँकर आला. सहा महिन्यांनी मागे वळून वाचलं की दिसतं आपली किती ताकद चुकीच्या दारावर गेली. आमच्या वहीत एकाच केबिनबाहेर नऊ वेळा बसल्याच्या नोंदी निघाल्या, आणि ज्या बाईंनी टिपणी पुढे सरकवली त्यांना आम्ही फक्त दोनदा भेटलो होतो, त्या क्लार्क होत्या.

सरकारी कागद वाचायला शिका

माहिती अधिकाराचा अर्ज ही धमकी नाहीये, मोजपट्टी आहे, नवीन मुलं पहिल्याच महिन्यात रागाने अर्ज टाकतात आणि दार बंद करून घेतात. आधी बोला, मागा, वेबसाइट बघा, नाही मिळालं तर अर्ज. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं किंवा गोलमाल आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. "का" विचारू नका, "का" ला माहिती म्हणत नाहीत. "अमुक केंद्रातील एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वैद्यकीय अधिकारी यांच्या संध्याकाळच्या हजेरीपटाची प्रत" असं मागा. हजेरीपट आला की तुमच्या वहीशेजारी ठेवा. दोन्हींत फरक असेल तर काय बोलायचं ते मग तुम्हाला सुचेलच, पण लगेच पेपरवाल्याला फोन करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. एकदा आमचीच तारीख चुकली होती.

बजेटचं बघा. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं, पेपरात हेडिंग येतं आरोग्यासाठी इतके कोटी, आणि सगळे खूश. तुम्ही मात्र पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्याच लेखाशीर्षासमोर, म्हणजे ज्या नावाखाली ते पैसे मांडलेत त्यासमोर, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने बघा. तरतूद मोठी आणि खर्च चिमूटभर असेल तर तुमच्या मागणीला "पैसे नाहीत" हे उत्तर चालणार नाही, आणि तरतूद झाली एवढ्यावर तुम्हीही यश लिहू शकत नाही.

अगदीच नवीन असाल आणि हात कुठे घालावा कळत नसेल तर हा सराव करा. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली, त्यानुसार खासगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. तुमच्या नोडमधली (नवी मुंबईत उपनगराला नोड म्हणतात) किंवा घोडबंदर रोडवरच्या एका पट्ट्यातली दहा हॉस्पिटलं निवडा आणि फक्त रिसेप्शनपर्यंत जाऊन या. बोर्ड आहे का, आहे तर माणसाला दिसेल असा आहे का की कुंडीच्या मागे, मराठीत आहे का, आणि रिसेप्शनवर दर विचारले तर सांगतात का. चार प्रश्न, दहा जागा, दोन शनिवार. मग शहरातल्या नर्सिंग होमची नोंदणी जिच्याकडे असते त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाला पत्र, आणि तीन महिन्यांनी त्याच दहा जागी त्याच चार प्रश्नांसह परत. आधी-नंतर म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय कळून जातं. हॉस्पिटलांची नावं फेसबुकवर टाकायचा मोह होतो, नका टाकू, त्याने पुढच्या फेरीला वॉचमन गेटवरच अडवेल.

मोजणारे फक्त आपणच नको

हे आपल्याकडे जुनंच आहे खरं तर. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता. त्यात गावातले लोक बसून आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतीपुस्तक भरायचे, चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट तर लाल, आणि मग जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर ठेवायचे. शहरात हे फार कमी लोक करतात, का कोण जाणे, कारण वस्तीत तर ते जास्त सोपं आहे, सगळे पंधरा मिनिटांच्या अंतरावर.

आम्ही महिला आरोग्य समितीच्या बायकांबरोबर केलं. नागरी अभियानात ५० ते १०० घरांमागे अशी समिती असते, तिला वर्षाला ५ हजारांचा मुक्त निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचे पैसे, असतो, बऱ्याच समित्या कागदावर झोपलेल्या असतात पण जाग्या करता येतात. रंगीत टिकल्या नेल्या, अक्षरशः कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं, हिरवी पिवळी लाल, आणि तक्त्यावर चित्रं काढली होती, डॉक्टर, खिडकी, संडास, बोलण्याची पद्धत. औषधाला सगळ्यांनी पिवळी लावली, आम्हाला वाटलं होतं लाल लावतील. आणि जिथे आम्ही प्रश्नसुद्धा विचारणार नव्हतो त्या "बोलण्याची पद्धत"वर लालच लाल. एक बाई म्हणाली, "गोळी नाय मिळाली तर मी इकत घेईन, पण पोरांसमोर अशी ओरडते ना ती." आमच्या मागणीत हे कुठेच नव्हतं. पुढच्या पत्रात आलं.

इथे जपून राहायचं ते आशाताईंबद्दल. त्या आपल्यातल्याच असतात, खरं काय ते सांगतात, पण त्यांचं मानधन त्याच केंद्रातून निघतं, तेव्हा वहीत आशाताईचं नाव, गल्ली, काही येऊ देऊ नका, "एका कार्यकर्तीने सांगितलं" एवढंही जास्त होतं कधीकधी कारण कार्यकर्ती एकच असते तिथे. टीबी, एचआयव्ही, गर्भपात असले विषय असतील तर नोंदी कुलपात. केसपेपरचा फोटो काढायचा नाही म्हणजे नाही, पेशंटने स्वतः पुढे केला तरी.

बदल झाला, पण आपल्यामुळे झाला का?

आपल्याकडे कुठे गटाराचं झाकण बसलं तरी तीन पक्षांचे बॅनर लागतात, "यांच्या अथक प्रयत्नांना यश". आपण संस्थावाले हसतो त्यांना आणि डोनरच्या रिपोर्टमध्ये तेच लिहितो.

उदाहरण देते. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. वस्तीत आम्ही दोन वर्षं बोलत होतो की ५०० मध्ये काय होतं, पण तो निर्णय दिल्लीत झाला, त्याचं श्रेय आमच्या वहीत घेतलं तर लाज वाटायला हवी. आमचं काम कुठे मोजायचं? वस्तीतल्या ज्या पेशंटचं बँक खातं जोडलेलं नव्हतं त्यांचं जोडलं गेलं का, पैसे पडले का, कितव्या महिन्यात पडले, तिथे.

दुसरं म्हणजे आजूबाजूला काय चाललंय ते वहीत लिहून ठेवा. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्या काळात नगरसेवकामार्फत प्रश्न लावणं हा रस्ताच बंद होता, सगळं आयुक्तांच्या टेबलावर. मग त्या काळातल्या तुमच्या यशापयशाची तुलना निवडणुकीनंतरच्या दिवसांशी सरळसरळ कशी करणार? आयुक्त बदलले, कोर्टाने काही म्हटलं, पावसाळ्यात डेंग्यू वाढला आणि पेपरात आलं, हे सगळं तारखेसकट टिपलं तर नंतर सांगता येतं की ढकललं कोणी कोणी.

आम्ही एक करतो, आदेशबिदेश निघाला की महिन्याभरात तिघांना फोन करतो, खात्यातलं एक माणूस, शहर पानावरचा एक पत्रकार आणि आपल्याच विषयावर काम करणारा दुसऱ्या संस्थेतला कोणीतरी. प्रश्न एकच, "हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?" आपलं नाव आपण घ्यायचं नाही. त्यांनी घेतलं तर वहीत लिहा, नाही घेतलं तरी लिहा. आमच्या संध्याकाळच्या ओपीडीबद्दल पत्रकार म्हणाला दुसऱ्या वॉर्डात आधी सुरू झाली होती म्हणून दबाव आला, खात्यातले गृहस्थ म्हणाले वरून परिपत्रक होतं, आणि तुमचे ते तीनशे सह्यांचे कागद फाइलला जोडले होते म्हणून तुमचं केंद्र पहिल्या यादीत आलं. म्हणजे आमचा वाटा यादीत वर येण्याइतका. छोटा आहे, पण खरा आहे आणि सांगता येतो.

याच्या उलटही होतं, जे घडू दिलं नाही ते कोणी मोजत नाही. एका ठिकाणी दवाखाना वस्तीतून उचलून दोन किलोमीटरवर न्यायचा विचार होता, लोकांनी हाणून पाडला, दवाखाना होता तिथेच राहिला. रिपोर्टात काय लिहिणार, "काही बदल झाला नाही"? तसंच लिहा, आणि प्रस्तावाची तारीख आणि तो मागे घेतल्याची तारीख शेजारी लिहा.

दर तीन महिन्यांनी बसा

बैठक लांबवू नका, दीड तास पुरे. वहीतून वाचा, साखळीच्या कागदावर कुठली कडी झाली त्यावर खूण करा, आणि दोनच गोष्टी ठरवा, काय बंद करायचं आणि काय नवीन करायचं. बंद करायचं काय हे कोणालाच ठरवायला आवडत नाही, पण नऊ वेळा त्याच केबिनबाहेर बसणं आमचं असंच बंद झालं.

मोठ्या मीटिंगनंतर मात्र तीन महिने थांबू नका. बेलापूरला नाहीतर पाचपाखाडीला मुख्यालयातून बाहेर पडलात की समोर चहा घेता घेताच लिहा, कोण काय म्हणालं, कोणाच्या चेहऱ्यावर काय होतं, कोण गप्प होतं. ट्रेनमध्ये बसेपर्यंत निम्मं विसरायला होतं आणि उरलेलं आपल्या सोयीने आठवतं.

डोनरसाठी रिपोर्ट लागतो त्याबद्दल थोडक्यात: त्यांना आकडे हवे असतात म्हणून "५००० लाभार्थी" असलं काही लिहू नका, वस्तीची अख्खी लोकसंख्या लाभार्थी होत नसते. एक पान द्या, आधी काय होतं, आता काय आहे, आपला वाटा किती, काय जमलं नाही. शेवटचा रकाना रिकामा असेल तर मी तरी तो रिपोर्ट खरा मानत नाही. आणि तेच पान मोठ्या अक्षरात वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर लावा, टिकल्या ज्यांनी लावल्या त्यांना कळायला नको का.

आमच्या संध्याकाळच्या ओपीडीचं विचाराल तर, हजेरीपट आणि वही शेजारी ठेवून डॉक्टरांशी बसलो तेव्हा कळलं त्यांना संध्याकाळच्या वेळी दुसऱ्या केंद्राचाही चार्ज दिलेला होता, एक माणूस दोन खुर्च्यांवर, आणि फार्मासिस्टची ड्युटी ऑर्डरच कधी निघाली नव्हती. पत्र बदललं. आता फार्मासिस्ट आठवड्यातून तीन दिवस असतो, डॉक्टर बहुतेक दिवशी सातपर्यंत. साखळीवर आम्ही तिथे अर्धीच खूण केलीय. या आठवड्याची चिठ्ठी शुक्रवारची निघालीये, मावशी म्हणाल्या त्यांना पण यायचंय बघायला, त्यांना बीपीची गोळी घ्यायचीच आहे.